रिसीव्हर सोडून सेपरेट्स घेतले: काही महिन्यांच्या वापरानंतर

होम थिएटरचा रिसीव्हर म्हणजे सगळं एकाच पेटीत; सेपरेट्स म्हणजे आवाजाचा सिग्नल उलगडणारा प्रोसेसर आणि स्पीकरना ताकद देणारा पॉवर अँप अशा वेगळ्या पेट्या. असा बदल केल्यावर आवाजात फरक पडतो का? आधी थेट उत्तर देतो. बातम्या, मालिका, रात्री हळू आवाजात पाहिलेला सिनेमा यांत मला काडीचाही फरक जाणवला नाही. जुना रिसीव्हर आणि नवा प्रोसेसर-पॉवर अँप जोड, दोन्हींची पातळी मीटर लावून सारखी केली आणि मगच ऐकलं. हे करायलाच हवं, कारण एखादा डेसिबल जास्त असलेला आवाज कानाला मोठा न वाटता "छान" वाटतो.

फरक कळला तो आवाज चढवल्यावर. माझे पुढचे स्पीकर 4 ओहमचे (जास्त करंट ओढणारे) आणि कमी सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॉटमध्ये कमी आवाज देणारे), म्हणजे अँपचा घाम काढणारे. रिसीव्हरच्या खोक्यावरचे 100 वॉट बहुतेक वेळा दोनच चॅनल (म्हणजे दोनच स्पीकरचे अँप) चालू ठेवून, 8 ओहमवर मोजलेले असतात. आत पॉवर सप्लाय एकच. सगळे चॅनल एकदम जोर मागू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. मोठ्या प्रसंगात पूर्वी संवाद कर्कश व्हायचे, आता ते मोकळे ऐकू येतात. पण नुसत्या वॉटच्या आकड्याला भुलू नका: वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल.

खरं सांगायचं तर यापेक्षा मोठा फरक सबवूफरची जागा बदलून आणि रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी सोय) नीट चालवून पडला होता, तोही जुन्याच रिसीव्हरवर. खोलीचा बेस बिघडलेला असेल तर कितीही महागडा अँप तो सुधारणार नाही.

त्रासही आहे. जोडणी केल्यावर स्पीकरमधून घूं असा बारीक आवाज येत होता. केबल टीव्हीची वायर काढली की थांबायचा, म्हणजे ग्राउंड लूप: जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला करंट. त्या वायरवर ती वाट तोडणारा आयसोलेटर लावला आणि तो गेला. दोन जड पेट्या, जास्त वायरी, जास्त जागा हे आलंच. 12 व्होल्ट ट्रिगरची वायर मात्र जरूर लावा, प्रोसेसरबरोबर अँप आपोआप चालू-बंद होतो.

सेपरेट्सचं मला पटलेलं कारण वेगळंच आहे. एचडीएमआय बदलतं, डॉल्बी अ‍ॅटमॉससारखे फॉरमॅट येतात आणि चांगला चालणारा रिसीव्हर मागे पडतो. पॉवर अँपला यातलं काहीच लागू नाही. पुढे बदलेन तो फक्त प्रोसेसर.

नव्याने घेणाऱ्याने थेट सेपरेट्सकडे जाऊ नये असं माझं मत आहे. प्री-आउट (बाहेरच्या अँपला सिग्नल देणारी जोडणी) असलेला रिसीव्हर घ्या, कमी पडला तर पुढच्या तीन चॅनलना वेगळा अँप जोडा. अँप निवडताना गेन, म्हणजे तो आलेला सिग्नल किती वाढवतो ते, बघा. 29 डेसिबल गेन असेल तर 8 ओहमवर 100 वॉटसाठी जेमतेम 1 व्होल्ट पुरतो, आणि तेवढा चांगल्या रिसीव्हरच्या प्री-आउटमधून सहज मिळतो.