लातूरच्या अस्थिरोग रुग्णालयातील खुब्याच्या शस्त्रक्रियेविषयी अभिप्राय

लातूर शहरातील ज्या खासगी अस्थिरोग रुग्णालयात माझ्या ७८ वर्षांच्या आईच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली, तेथील सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यांनी वेळ दवडला नाही. आई न्हाणीतल्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरली, तेव्हा तिचा डावा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. गावाकडे अशा वेळी पट्टी बांधून दीड-दोन महिने बाजेवर निजवून ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो देणाऱ्यांची माया खरी असली तरी या वयात सततच्या पडून राहण्यानेच न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

दाखल होताच जांघेत भूल देणारे इंजेक्शन दिल्यामुळे तिच्या वेदना शस्त्रक्रियेच्या आधीच पुष्कळ उतरल्या. डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून आम्हाला समजावले, की मांडीचे हाड खुब्यातल्या गोळ्याच्या लगत, म्हणजे त्याच्या ‘माने’जवळ मोडून सरकले, तर त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते आणि वृद्धांमध्ये बहुधा कृत्रिम गोळा बसवावा लागतो. आईचे हाड त्याच्या खाली मोडले होते, म्हणून आत सळई व स्क्रू घालून ते जोडता येणार होते. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि तिच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी आईला वॉकर धरून उभे केले. ‘आजी, पायावर भार द्या, हाड धरून ठेवलंय,’ हे त्यांचे शब्द तिला फार धीर देऊन गेले.

जेवण साधे, खोल्या स्वच्छ, लिफ्ट अरुंद.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री आई भलतेच बोलू लागली, आम्हाला ओळखेना. वृद्धांना असा तात्पुरता भ्रम होणे नेहमीचे आहे आणि चष्मा, श्रवणयंत्र, ओळखीचे माणूस जवळ ठेवल्याने मदत होते, हे परिचारिकेने नंतर सांगितले. आधी सांगितले असते, तर ती रात्र आम्ही इतक्या भीतीत काढली नसती.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. घरी सोडताना दिलेल्या कागदावर केवळ कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडणे हेच हाडे ठिसूळ झाल्याचे लक्षण आहे, आणि त्यावर उपचार न झाल्यास दुसरे हाड मोडण्याची शक्यता मोठी राहते. मी विचारल्यावर डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व व मूत्रपिंडाच्या तपासण्या करवून वर्षातून एकदा घ्यायचे, हाडांची झीज रोखणारे झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन लिहून दिले. येथे रुग्ण नेणाऱ्यांनी घरी निघण्याआधी हा विषय स्वतःहून काढावा, आणि उंच कमोड खुर्चीही तेव्हाच मागवून घ्यावी.