यमकाचं पुस्तक: ठेका धरावा की ठसे उमटवावेत?

यमकांचं चित्रपुस्तक वाचून झालं की तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर पुढे काय? पंचवटीतल्या आमच्या घरात दोन्ही करून पाहिलं.

ठेक्याला वाटी-चमचा पुरतो. ओळीचा शेवटचा शब्द आपण गाळायचा: ‘ढग आले काळे काळे, भरून गेले सगळे...’ आणि थांबायचं. कुणी ‘तळे’ म्हणतं, कुणी ‘केळे’! ‘केळे’सुद्धा मला मोलाचं वाटतं, कानाला शब्दाच्या शेवटचा आवाज कळलेला असतो, आणि पुढे वाचायला शिकताना तोच उपयोगी पडतो.

ठशांसाठी भेंडी आडवी कापून रंगात बुडवायची, पुस्तकातली फुलं कागदावर उमटवायची. बुजरी मुलं यात खुलतात. ओळी मात्र मागे पडतात.

माझी पसंती ठेक्यालाच. गोदाघाटावर चालतानाही तो नुसत्या टाळ्यांवर जमतो.