कस्टमाइज केलेल्या वेब अ‍ॅपपर्यंत बगफिक्स पोचवायचा कसा? ब्रँच, पॅच की वेगळं मॉड्यूल

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीतली एसक्यूएल इंजेक्शनची (परक्याला डेटाबेसमध्ये आपल्या आज्ञा घुसवू देणारी) त्रुटी बुजवणारी ७.३२ ही आवृत्ती आली. खरी दुरुस्ती होती एका ओळीची. पुढे दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने जाहीर केलं, की घोषणेनंतर ७ तासांच्या आत जी साइट दुरुस्त झाली नाही, ती हॅक झाली असंच धरून चला. फिक्स एका ओळीचा असला तरी ज्यांनी कोअर (म्हणजे मूळ प्रॉडक्टच्या) फाइलींत आपले बदल घुसवले होते, त्यांना नवी आवृत्ती डोळे झाकून चढवता येत नव्हती. चढवली की आपलेच बदल पुसले जाणार.

प्रॉडक्ट एक, क्लायंट दहा ते पन्नास आणि प्रत्येकाने काहीतरी बदलून घेतलेलं, अशा टीमपुढे मुख्यतः तीन वाटा असतात. निवडताना ‘फिक्स किती लवकर लागतो’ एवढंच पाहिलं जातं. आमच्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा: फिक्स लागला नाही, तर ते कळतं का?

प्रत्येक क्लायंटची ब्रँच

प्रत्येक क्लायंटसाठी कोडची वेगळी शाखा (ब्रँच) ठेवायची, ही सगळ्यात बदनाम पद्धत, आणि तिची बदनामी निम्मीच खरी आहे. बहुतेक ठिकाणी गोंधळ होतो तो चेरी-पिकमुळे, म्हणजे एका ब्रँचवरचा सुटा बदल दुसरीवर उचलून आणल्यामुळे. चेरी-पिक केलं की गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) नवी कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, तयार करतं. मग ‘हा फिक्स अमुक क्लायंटकडे गेला का’ हे ‘गिट ब्रँच --कंटेन्स’ला विचारलं तर उत्तर नकारार्थी येतं, कारण मूळ कमिट त्या ब्रँचच्या इतिहासात नसतेच. चेरी-पिक करावंच लागलं तर ‘-एक्स’ हा पर्याय द्या. मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो आणि निदान शोधता येतो.

त्यापेक्षा क्रम उलटा ठेवा. सपोर्टमध्ये असलेल्या सर्वांत जुन्या रिलीज ब्रँचवर फिक्स करा, तिथून नव्या रिलीजमध्ये मर्ज करत (ब्रँच एकत्र करत) वर या, आणि प्रत्येक क्लायंटच्या ब्रँचमध्ये त्याच्या रिलीज ब्रँचचं मर्ज घ्या. एकच कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) पुन्हा पुन्हा सोडवावा लागत असेल तर गिटची ‘रेरेरे’ सोय चालू करा; आधीची सोडवणूक ती लक्षात ठेवते. ही आठवण त्या-त्या रिपॉझिटरीच्या प्रतीतच राहते, म्हणून सगळी मर्ज एकाच मशीनवर करावीत.

हिशेब मात्र टळत नाही. मर्ज आणि चाचणी मिळून क्लायंटमागे अर्धा तास धरला, तरी २० क्लायंटना एका फिक्ससाठी १० तास. कुणी मुख्य शाखेत सगळ्या फाइलींचं फॉरमॅटिंग बदललं, तर त्या आठवड्याचं विचारूच नका. पण एक गुण मान्य करायला हवा: एकाच ओळीवर दोघांचा हात पडला की गिट अडतं आणि ओरडतं.

पॅच फाइली

इथे मूळ कोड जसाच्या तसा ठेवायचा, क्लायंटचे बदल क्रमांक दिलेल्या पॅच फाइलींत ठेवायचे आणि दर बिल्डला लावायचे. पीएचपीत ‘कंपोझर-पॅचेस’, जावास्क्रिप्टमध्ये ‘पॅच-पॅकेज’ हे काम करतात. कोअरमधला फिक्स नव्या आवृत्तीबरोबर आपोआप येतो. तपासायचं एवढंच, की आपले पॅच अजून लागतात का.

दोन खाचखळगे आहेत. जुनी ‘पॅच’ कमांड आजूबाजूच्या दोन ओळी जुळल्या नाहीत तरी बदल रेटून लावते. सारखे दिसणारे दोन ब्लॉक असतील, तर तो भलत्याच जागी बसू शकतो. ही सवलत शून्यावर आणा, किंवा ‘गिट अप्लाय’ वापरा; त्यात एक तुकडा जरी बसला नाही तरी काहीच लागत नाही. दुसरं, ‘कंपोझर-पॅचेस’ची पहिली मालिका पॅच फसला तरी फक्त संदेश छापून पुढे जाते. अपयशावर बिल्ड थांबवण्याची सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. पॅचची फाइल स्वतःच्या रिपॉझिटरीत ठेवा, कारण लिंकपलीकडची फाइल उद्या बदलू शकते.

क्लायंटमागे आठ-दहा छोट्या पॅचपर्यंत हे छान चालतं. त्यापुढे एक पॅच दुसऱ्यावर अवलंबून राहू लागतो आणि क्रम हलवायची भीती वाटते.

कोअर अखंड, बदल वेगळ्या मॉड्यूलमध्ये

व्यवसाय सांभाळणारं सॉफ्टवेअर ओडू, वेबसाइटसाठीचं वर्डप्रेस आणि मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं व्यवसायासाठीचंच ईआरपीनेक्स्ट हीच शिस्त सांगतात. ईआरपीनेक्स्टमध्ये कस्टम फील्ड आणि प्रॉपर्टी सेटर (फील्डचे गुणधर्म बदलणाऱ्या नोंदी) डेटाबेसमध्ये राहतात, बाकीचा कोड वेगळ्या अ‍ॅपमध्ये हुक्समार्फत (कोअरने ठेवलेल्या जोडजागांमार्फत) जोडला जातो. कुणी थेट कोअरच्या फाइलीत हात घातला असेल, तर अपडेट चढवणारी ‘बेंच अपडेट’ कमांड तिथेच थांबते. तेव्हा वैतागून ‘--रीसेट’ देऊ नका. क्लायंटचे बदल पुसले जातात.

डेटा दुरुस्तीतही या व्यवस्थेचा फायदा आहे. हिशेबातला बग सुधारला तरी आधी पडलेल्या चुकीच्या नोंदी तशाच राहतात. फ्रॅपेत पॅच यादीतली प्रत्येक स्क्रिप्ट प्रत्येक साइटवर एकदाच चालते आणि पॅच लॉगमध्ये तिची नोंद होते. ब्रँच पद्धतीत ही यंत्रणा स्वतः उभारावी लागते, आणि बरेच जण ती विसरतात.

पण सर्वांत घातक अपयशही याच पद्धतीत आहे, कारण ते गप्प असतं. वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सचं टेम्प्लेट (पानाचा साचा) थीममध्ये कॉपी केलं की कोअरमधल्या टेम्प्लेटचा फिक्स त्या पानावर कधीच दिसत नाही. अपडेट मात्र यशस्वी! वूकॉमर्सने यावर उपाय ठेवला आहे: प्रत्येक टेम्प्लेटवर आवृत्ती क्रमांक असतो आणि जुनी पडलेली कॉपी सिस्टीम स्टेटसच्या पानावर दिसते. ओडूत ‘सुपर’ (मूळ मेथड चालवणारी हाक) न बोलावता मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी आपली लिहिली, की कोअरची सुधारलेली मेथड चालतच नाही. व्ह्यूमध्ये अख्खा भाग ‘रिप्लेस’ केला तरी तेच. त्यामुळे नियम कडक ठेवा: ‘सुपर’ बोलवा, ‘रिप्लेस’ऐवजी आधी-नंतर जोडा, फ्रॅपेत जमेल तिथे अख्खा क्लास बदलण्याऐवजी डॉक्युमेंट इव्हेंट वापरा. कॉपी करणं भागच असेल तर मूळ फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) शेजारी ठेवा. कोअर अपडेट होताना मूळ बदललं, तर बिल्ड फसलं पाहिजे.

सगळ्यांना एकच डिप्लॉयमेंट आणि बदल फक्त सेटिंगमध्ये, ही चौथी वाट कागदावर सर्वोत्तम. फिक्स एकदम सगळ्यांना जातो, फिक्समधला बगही. क्लायंटला कोड बदलायचाच असेल तर ही वाट बंद.

मग निवड

नव्याने सुरुवात असेल तर वेगळं मॉड्यूल घ्या, पण चेकसमची तपासणी पहिल्या क्लायंटपासूनच लावा. कोअरचा मालक दुसरा कुणी असेल आणि त्याचा फिक्स रिलीज होईपर्यंत थांबता येत नसेल, तर तेवढ्यापुरता पॅच. मोजके चार-पाच क्लायंट आणि प्रत्येकाचे बदल खोलवर असतील, तर ब्रँचला लाजायचं कारण नाही.

क्लायंटच्या माणसांनी थेट सर्व्हरवर बदल केले असण्याची शक्यता असेल, तर यातलं काहीही करण्याआधी सर्व्हरवरची पूर्ण प्रत आणा, त्याच क्रमांकाचं मूळ रिलीज शेजारी उघडा आणि ‘गिट डिफ --नो-इंडेक्स’ चालवा. जो फरक निघेल तो आधी एका कमिटमध्ये बांधा. फिक्स त्यावर चढवा.