मस्टँग जीटी, कोकणातला एक पावसाळा आणि 'स्नो' लिहिलेला मोड

फोर्ड मस्टँगच्या सर्व्हिसच्या बिलात चौथ्या ओळीला 'टायर रोटेशन', म्हणजे पुढचे-मागचे टायर आपसात बदलणं, लावलं होतं. या गाडीचे पुढचे टायर 255/40 आर19 आणि मागचे त्याहून रुंद, 275/40 आर19. मागचा टायर पुढे आणि पुढचा मागे जाऊच शकत नाही. तरीही कागदावर रोटेशन झालं, पैसे लागले, शिक्का बसला. काउंटरवरच्या माणसाला आकडे दाखवले तर तो म्हणाला, "सिस्टिममध्ये तसंच येतं, साहेब." त्या भांडणातून एकच फायदा झाला. चारही टायरच्या नक्षीची खाच किती खोल उरली ते गेजने मोजलं गेलं, आणि हे सगळं लिहिणं तिथून सुरू झालं.

2017 ची गाडी, जुनी घेतलेली. पाच लिटरचा व्ही-8, 401 पीएस, 515 एनएम टॉर्क, ताकद फक्त मागच्या चाकांना. बाकी तपशील वाचणाऱ्यांना ठाऊक असतीलच. वापर रत्नागिरी, चिपळूण, गुहागर या पट्ट्यात, एक अख्खा पावसाळा धरून दहा महिने. आवाज, लूक, मागच्या सीटवर कोण मावतं यावर इथे काही नाही.

आधी त्या मोडबद्दल. नॉर्मल, स्पोर्ट प्लस, ट्रॅक आणि 'स्नो/वेट' असे चार मोड. बर्फ जिथे फ्रीजरशिवाय कुठे दिसत नाही तिथे 'स्नो' वाचून सगळे हसतात. पण या गाडीतली कोकणासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच. या मोडमध्ये अ‍ॅक्सिलरेटर मऊ होतो, म्हणजे तेवढाच पाय दाबला तरी इंजिन कमी ताकद सोडतं. ऑटोमॅटिक गिअर लवकर वर चढतो आणि चाक फिरायला लागायच्या बेतात असतानाच ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागेवर गरगरू न देणारी यंत्रणा, मध्ये पडते. 515 एनएम दोनच चाकांवर येत असताना ओल्या रस्त्यावर उजव्या पायाची चूक महाग पडते. हा मोड ती चूक स्वस्त करतो. चूक दुरुस्त मात्र करत नाही. ब्रेक आणि टायर होते तेवढेच राहतात.

बर्फाच्या देशांत मागच्या चाकांची गाडी चालवणाऱ्यांचे तीन सल्ले कायम ऐकू येतात: विंटर टायर घाला, डिकीत वाळूच्या गोण्या टाका, पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवा. कोकणात यातला तिसरा जसाच्या तसा चालतो. पहिला अजिबात नाही. विंटर टायरचं रबर सात अंशांच्या खाली मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. त्याच थंडीत उन्हाळी टायरचं रबर कडक पडतं आणि पकड सोडतं. आपल्याकडे जुलैतल्या रात्रीही पारा वीसच्या वर. म्हणजे कंपनीच्या उन्हाळी टायरचं रबर इथे बाराही महिने कामावर असतं. अडचण रबराची नाही, पाण्याची आहे, आणि पाणी बाहेर टाकतात त्या फक्त खाचा.

वाळूच्या गोणीचं एवढ्यावरच आटोपतो. मागच्या अ‍ॅक्सलवर वजन वाढतं हे खरं, पण वळणात तेच वजन शेपूट बाहेर खेचतं. वर पावसाळी दमटपणात ओली गोणी डिकीत आठ दिवस राहिली की गालिच्याला बुरशी. एकाने वाळूऐवजी दोन जांभे चिरे टाकायला सुचवलं होतं. जोरात ब्रेक लागला तर ते चिरे कुठे येतील याचा विचार करून मग सुचवावं.

आता खाचा. नवीन टायरची खाच साधारण साडेसात ते आठ मिलिमीटर. कायद्याने 1.6 पर्यंत चालतं. खाचेच्या तळाशी ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या नक्षीच्या बरोबरीला आल्या की टायर संपला. कोरड्या रस्त्यावर हा आकडा ठीक. पावसात चारच्या खाली गेलं की ब्रेकचं अंतर वाढायला लागतं आणि तीनच्या खाली टायर पाणी कापत नाही, त्यावर चढतो. मे महिन्यात गेजने मोजलं तेव्हा पुढे 5.2 आणि मागे 3.1 होतं. मागच्याच टायरची आतली कड 2.6. मागच्या चाकांना आतल्या बाजूला किंचित कल दिलेला असतो, म्हणून आतली कड आधी झिजते. बाहेरून उभं राहून पाहिलं तर टायर नवा दिसतो. पुढचं चाक स्टिअरिंग फिरवून तपासता येतं, मागचं नाही. गाडीमागे चटई टाकून आडवं व्हायचं, बंपरखाली हात घालायचा, गेजची सुई आतल्या खाचेत टेकवायची. गेज फार महाग नसतो, त्या रोटेशनच्या ओळीपेक्षा तर नक्कीच स्वस्त.

गाडी किती वेगाला पाण्यावर तरंगेल याचा एक ढोबळ हिशेब आहे. 1960 च्या दशकात नासाने विमानांच्या टायरसाठी काढलेला. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि 16.7 ने गुणा, उत्तर किलोमीटर प्रतितास. 32 पीएसआयला येतात 94. हवा कमी होऊन 26 झाली तर 85. खाचांच्या वर पाणी साचलेलं असेल तेव्हाचा हा हिशेब, आणि 275 सारखा रुंद टायर याहूनही आधी उचलला जाऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात "थोडी हवा कमी ठेवा, पकड वाढते" हा टपरीवरचा सल्ला घेऊ नका. दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा, थंड टायरमध्ये, दर पंधरा दिवसांनी. मुंबई-गोवा हायवेला कॉंक्रिट झालंय तिथे पाणी बरं निथळतं. घात होतो तो जोडरस्त्यांवर आणि पुलाच्या दोन्ही टोकांना, जिथे तळं साचतं. कशेडीच्या बोगद्यात चाकं कोरडी होतात, पाय सैल सुटतो, आणि बाहेर पडल्या पडल्या पुन्हा धो धो. बोगद्याचं तोंड दिसलं की वेग आधीच उतरवलेला असावा.

जूनमध्ये मत असं होतं की पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत 'स्नो/वेट'च ठेवावा. ऑगस्टनंतर ते दोन जागी बदललं.

पहिली जागा घाट उतरताना. मोड गिअर लवकर वर चढवतो, त्यामुळे कुंभार्ली उतरताना इंजिनाचा अडसरच राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर. ओल्या वळणात ब्रेक दाबत उतरणं म्हणजे मागच्या चाकांवरचं वजन पुढे ढकलत उतरणं. उतारावर नॉर्मल मोड आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर बरा. पण गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उतरवायचा. वळणात मध्येच उतरवला तर इंजिनाचा झटका थेट मागच्या चाकांना बसतो आणि बर्फावर होतं तेच होतं: चाकं क्षणभर अडखळतात, शेपूट सुटते. चढताना मात्र मोड परत लावावा.

दुसरी जागा साईडपट्टीवरचा लाल चिखल. समोरून एसटी आली, बाजू द्यायला डावीकडची दोन चाकं खाली उतरली आणि गाडी थांबली. आता 'स्नो/वेट'मध्ये कितीही पाय द्या, कॉम्प्युटर इंजिनाचा गळा दाबतो. चाक फिरतच नाही, मग खाचेतला चिखल उडणार कसा? इथे ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण एकदा दाबून बंद करायचं. गाडी आडवी सरकू न देणारं स्टॅबिलिटी कंट्रोल चालूच राहतं. स्टिअरिंग सरळ, पाय हलका, चाक थोडं फिरू द्यायचं म्हणजे नक्षी स्वतःला साफ करते. नाही जमलं तर चाकापुढे काजूच्या फांद्या नाहीतर फूटमॅट. मागचा डिफरन्शियल लिमिटेड स्लिप आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा, त्यामुळे एक चाक डांबरावर असेल तर गाडी निघते. त्याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. दोन्ही चाकं चिखलात असतील तर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडी पुढे न जाता आडवी सरकते. डांबरावर आल्यावर ट्रॅक्शन पुन्हा चालू करायला विसरू नये.

घसरड हंगामाप्रमाणे बदलते. जूनच्या पहिल्या सरींना रस्त्यावरचं आठ महिन्यांचं ऑइल वर येतं, त्यात झाडाखाली सडलेली जांभळं. जांभळाच्या सड्यावरून मागचं चाक साबणावरून जावं तसं जातं. जुलैत लावणी सुरू झाली की पॉवर टिलर शेतातून रस्ता ओलांडतात आणि डांबरावर चिखलाचे पट्टे सोडतात. ते नेमके वळणाच्या पलीकडे असतात. ऑगस्टात वाडीतल्या सावलीच्या रस्त्यांवर शेवाळ धरतं. ते हिरवं दिसतं तोवर बरं, काळं झालं की दिसतच नाही.

शेवाळाचा खरा कस फेरीबोटीच्या जेट्टीवर लागतो. दाभोळ-धोपावे करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. उतरत्या कॉंक्रिटवर भरतीच्या रेषेखाली शेवाळ, पुढे बोटीचा ओला लोखंडी पाट, ज्यावरून गाड्या आत जातात. चढावर तोंड वर करून जाताना वजन मागे येतं, म्हणून मागच्या चाकांची गाडी पुढच्या चाकांच्या गाडीपेक्षा सरस चढते. मात्र तीच गाडी रिव्हर्समध्ये चढ चढवायला गेलात तर वजन उताराकडच्या पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी पडतात आणि जागेवर गरगरतात. म्हणून बोट एकाच बाजूने उघडणारी असेल तर बोटीत जातानाच रिव्हर्स लावून आत जायचं. बोटीवरची माणसं घाई करतात, "सरळ घ्या, सरळ घ्या" म्हणतात. तरी ऐकायचं नाही, कारण पलीकडे बोटीतून बाहेर पडून जेट्टी चढताना तोंड वर हवं. पुढची गाडी जेट्टीच्या पूर्ण वर गेल्याशिवाय निघू नये, म्हणजे मध्ये थांबावं लागत नाही. ऐन ओहोटीला पाटाचा कोन उभा होतो आणि गाडीच्या पुढच्या बंपरचा ओठ घासतो. भरतीची वेळ बघून निघालं तर दोन्ही त्रास वाचतात.

मिठाचं मात्र बर्फाच्या देशांत आणि इकडे सारखंच. ते बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे खारा वारा फुकट आणून देतो. आरे-वारेसारख्या किनाऱ्यालगत नेहमी जाणं असेल तर पावसाळ्याआधी खालून अँटी-रस्ट कोटिंग, आणि समुद्राकडून आल्यावर गोड्या पाण्याने खालची बाजू धुणं. वायरिंगच्या जोडांवर प्रेशरचा फवारा नको. भिजलेली गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, पॅड डिस्कला चिकटतात. 'पी'मध्ये टाकून चाकाखाली दगड पुरतो.

सुरूच्या झाडाखाली पार्क करणाऱ्यांसाठी एक. सुरूच्या काड्या पुढच्या काचेच्या तळाच्या जाळीतून आत जातात आणि पाणी निथळायची वाट बुजवतात. मग पायाखालचा गालिचा ओला झाला की लोक दाराच्या रबराला शिव्या घालतात. आठवड्याला हाताने काड्या वेचायच्या आणि जाळीवर तांब्याभर पाणी सावकाश ओतायचं. ते लगेच खाली जमिनीवर पडलं पाहिजे.

पुन्हा टायर, कारण खर्च तिथेच आहे. मागची जोडी 3.1 वर फेकून देणं जिवावर येतं, कोरड्यात तिच्यात अजून बरंच आयुष्य असतं. बर्फवाले लोक वर्षातून दोनदा टायर बदलतात, तेच इथे मागच्या दोनांपुरतं करायचं. वीस मेच्या आत, पावसाळ्याच्या आधी, नवी जोडी चढवायची. जुनी जोडी घरात, उन्हापासून दूर आणि पाण्याच्या पंपापासूनही दूर ठेवायची, कारण मोटरच्या ठिणगीतला ओझोन रबराला चिरा पाडतो. जुनी जोडी परत घालायची ती दसऱ्याला नाही, दिवाळीला, परतीचा पाऊस पूर्ण गेल्यावर. दोन्ही टायर नेहमी जोडीनेच, एकाच नक्षीचे. लिमिटेड स्लिपवर एक नवा आणि एक झिजलेला चालत नाही. वर्षातून दोनदा काढ-घाल आणि बॅलन्सिंगचा खर्च येतो, पण जुनी जोडी 2 मिलिमीटरपर्यंत वसूल होते आणि पाऊसभर मागे सातच्या आसपास खाच राहते. इथे नवी जोडी उशिरा, जूननंतर चढली; त्यानंतर त्याच रस्त्यांवर ट्रॅक्शनचा पिवळा दिवा जूनपेक्षा सप्टेंबरात कितीतरी कमी वेळा लुकलुकला. मोड तोच होता आणि पायही तोच.

रोटेशनचे पैसे शेवटी वजा करून मिळाले. गाडीच्या सर्व्हिस इतिहासात मात्र ते अजून 'पूर्ण' असंच दिसतं, आणि पुढचं रोटेशन दहा हजार किलोमीटरवर दाखवतंय.