बोअर शेळ्यांच्या नावाखाली माझे 5,80,500 रुपये गेले

दोन बोकड प्रत्येकी 85,000 रुपये, दहा शेळ्या प्रत्येकी 38,000, टेंपो भाडं 14,000, विमा 11,500, 'वंशावळ प्रमाणपत्र' 5,000. एकूण 5,80,500 रुपये. यातले दोन लाख बँकेतून पाठवले, बाकी सगळे रोख मोजले. बायकोच्या पाटल्या मोडल्या त्यासाठी. हे लिहायला लाज वाटते, पण माझ्यासारखा दुसरा कुणी जाऊ नये म्हणून लिहितोय.

मी बार्शी तालुक्यातला. बारा वर्षं उस्मानाबादी शेळ्या पाळतोय, म्हणजे या धंद्यात अगदीच कोरा नव्हतो. उस्मानाबादीचं वजन एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून दक्षिण आफ्रिकेची बोअर आणून मांसासाठी कळप उभा करायचा, असं ठरवलं होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1993 मध्ये ऑस्ट्रेलियातून बोअरचे गोठवलेले भ्रूण आणून आपल्या शेळ्यांमध्ये वाढवले, हे वाचलं होतं. त्यामुळे आपल्याकडे शुद्ध बोअर मिळू शकतं यावर माझा विश्वास होता. त्या विश्वासावरच मला जनावरं विकणाऱ्या माणसाने हात मारला. 'आमच्या बोकडाची आई थेट आफ्रिकेतून आलेली,' असं म्हणायचा. वर 'करडं आम्हीच 1,200 रुपये किलोने उचलू' हा करार. मी भुललो.

मला खरी चीड येते ती एका क्षणाची. त्याच्या गोठ्यात मोठा बोकड उभा होता. डोकं लालसर तपकिरी, अंग पांढरं, कान लोंबते, नाक फुगीर, सगळं चित्रातल्यासारखं. मी त्याच्या कानाला हात लावला. पिवळा बिल्ला होता आणि बिल्ल्याच्या भोकाभोवती हळद लावलेली होती. बोट ओलं झालं. भोक ताजं होतं, कडेला पू होता. कागदावर मात्र बोकडाचं वय अडीच वर्षं आणि बिल्ला जन्मापासूनचा. मी ते पाहिलं. बोट धोतराला पुसलं आणि मनात म्हणालो, जुना बिल्ला पडला असेल, नवा मारला असेल. मी त्याला विचारलंसुद्धा नाही!

दात बघायला मी शेळीचं तोंड धरलं तर म्हणाला, 'दादा, गाभण आहेत, बिचकतात, राहू द्या.' मी हात काढला. गाभण जनावराला त्रास देऊ नये हे आपल्यावर लहानपणापासूनचे संस्कार, त्यात चूक काय? घरी येऊन बघितलं तर चार शेळ्यांचे पुढचे दात झिजून हलत होते, एकीचे दोन पडलेले. 'चार दाती', म्हणजे तरुण, म्हणून म्हाताऱ्या शेळ्या गळ्यात घातल्या. तोंड उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. 95 किलोचा म्हणून दिलेला बोकड आडतीच्या काट्यावर 58 किलो भरला. काटा आपल्या ओळखीचा न्या, त्याचा चालत नाही.

नवव्या दिवशी एक बोकड तापला. नाक वाहू लागलं, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा रोग. तो गेला, तीन शेळ्या गेल्या आणि माझ्या चार उस्मानाबादीही गेल्या, कारण मी नवी जनावरं पहिल्या दिवसापासून त्याच दावणीला बांधली. किमान तीन आठवडे वेगळी ठेवा, चारा-पाणीही वेगळं. लसीच्या नोंदी त्याच्या वहीत बघू नका, त्याच्या डॉक्टरला फोन करून विचारा. विम्याचं विचारलं तर पॉलिसीच निघाली नव्हती. 11,500 ची पावती घरच्या प्रिंटरवरची.

उरलेल्या सातांपैकी पाच व्यायल्या, सात करडं. शुद्ध बोअरची म्हणून सांगितलेली ही करडं जन्मली 1.8 ते 2.1 किलोची आणि त्यातली तीन काळीकुळकुळीत. हा माणूस फोन उचलेना. बाजारात 410 रुपये किलोने दोन विकली. आयातीचा कागद म्हणून दिलेली झेरॉक्स तेव्हा नीट वाचली, तर त्यावर ना जनावराचा नंबर ना बिल्ल्याचा. जिवंत शेळी परदेशातून आणायची तर केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना लागतो आणि उतरल्यावर विलगीकरणात ठेवावं लागतं. त्या कागदपत्रांवरचे नंबर जनावराशी जुळवा, झेरॉक्स घेऊ नका.

पोलीस ठाण्यात गेलो. म्हणाले, 'हा व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे.' फसवणूक दिवाणी कशी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे त्यासाठी. मग म्हणाले, 'व्यवहार त्यांच्या जिल्ह्यात झाला, तिकडे जा.' तिकडे गेलो, 210 किलोमीटर. तिथे म्हणाले, 'राहता कुठे? मग तिथेच द्या.' गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे वकिलाने सांगितल्यावर परत गेलो, तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेलेले. तीनदा गेलेले! अर्जावर पोच द्यायला सुद्धा हवालदाराने अर्धा दिवस बसवलं. पशुवैद्यकीय दवाखान्यात जातीचा दाखला मागितला तर 'आम्ही आजार बघतो, जात बघत नाही.' मग जनावर बोअर आहे की नाही हे शेतकऱ्याने ठरवायचं तरी कुठून? अनुदानाच्या योजना जाहीर करताना चांगल्या जातीचं जनावर घ्या म्हणून सांगतात, ते जातिवंत आहे हे सांगायला एक माणूस नाही. वरिष्ठांना लेखी कळवलं, चार महिने झाले, उत्तर नाही.

आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तिथे फक्त दोन वर्षांची मुदत पाळा. विक्रेत्याचा वकील म्हणतो, हा धंदा आहे, ग्राहक नाही. मी सांगतो, पोटापाण्यासाठी स्वतः राबतो. रोख दिलेल्या 3,80,500 चा पुरावा मात्र माझ्याकडे नाही, तेव्हा रोख एक रुपयाही देऊ नका, 'बिल कमी दाखवू' म्हणाला तरी नाही.

व्यवहाराच्या दिवशी त्याने माझा व्हिडिओ काढला होता. गळ्यात हार घातला, बोकडाची दोरी हातात दिली आणि 'मी समाधानी आहे' असं बोलायला लावलं. तो व्हिडिओ तो अजून गिऱ्हाइकांना दाखवतो. त्यातला पांढऱ्या टोपीतला माणूस मी आहे. मी समाधानी नाही, आणि हातातला तो बोकड पीपीआरने मेला.