निळी बॅटरी, जांभळा ठिपका आणि माझे साडेअकरा हजार

मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करते. म्हणजे निम्मा दिवस बांधावर, उरलेला स्कूटीवर. मध्यंतरी डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात नाकाच्या बाजूनं मांस वाढल्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन-धूळ-वाऱ्याचा प्रताप आहे. अतिनील किरणांपासून डोळे जपा. त्यात चाळिशी लागलेली. सातबारा वाचायचा तर हात लांब करावा लागायचा.

बीडमधल्या एका चकाचक दुकानात गेले. लांबचं, जवळचं आणि ऊन, सगळं एकाच चष्म्यात होईल म्हणाले. नामांकित कंपनीची प्रोग्रेसिव्ह लेन्स (वरून लांबचं, खालून जवळचं दिसणारी), वर फोटोक्रोमिक (उन्हात आपोआप काळी होणारी), वर ब्लू कट (निळा उजेड अडवणारी). मग पोरानं खिशातून पेनाएवढी निळी बॅटरी काढली. एका पांढऱ्या कार्डावर झोत मारला, तर तिथे जांभळा ठिपका उमटला. मध्ये लेन्स धरली, ठिपका गायब. "बघा ताई, किरण आत गेलाच नाही." मी तिथेच विकले गेले. साडेअकरा हजार, फ्रेमसकट. वर एक 'पोलराइज्ड', म्हणजे चकाकी कमी करणारा, गॉगल फुकट.

त्या बॅटरीचा उजेड जांभळ्याच्या टोकाचा असतो, साधारण ४०५ नॅनोमीटरचा. मोबाईलच्या पडद्याचा निळा उजेड ४५० च्या आसपास. त्यामुळे ठिपका गायब झाला म्हणून मोबाईलचा निळा उजेड अडला असं होत नाही. शिवाय ब्लू कटनं डोळ्यांचा थकवा कमी होतो, याला अभ्यासांतून फारसा आधार मिळालेला नाही. अर्थात हे सगळं मला नंतर कळलं. आणि मुख्य गोष्ट वेगळीच होती: दाखवली ती लेन्स त्यांच्या हातातली होती, माझ्या चष्म्यात बसलेली नव्हे.

चष्मा आला आणि मी बांधावरून उतरताना अडखळायला लागले. फोन केला. "प्रोग्रेसिव्हची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात ताई." खरंच लागतात. मग म्हटलं, लेन्स उन्हात काळी होत नाही. "हेल्मेटची काच खाली असते ना? त्या काचेतच अतिनील किरण अडतात, मग लेन्स काळी कशी होणार?" हेही खरं. मोटारीच्या पुढच्या काचेमागेही तसंच होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा उत्तर तयार होतं, की कडक उन्हाळ्यात फोटोक्रोमिक कमीच काळी होते, थंडीत बघा. तेही खरंच! माणूस एकदाही खोटं बोलला नाही. फक्त तो दुसऱ्याच कुठल्यातरी लेन्सबद्दल बोलत होता. माझे तीन महिने यात गेले.

दिवाळीत बहिणीकडे छत्रपती संभाजीनगरला गेले, तेव्हा काडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून तिच्या गल्लीतल्या जुन्या चष्मेवाल्या काकांकडे नेला. त्यांनी स्क्रू आवळला, लेन्सवर तोंडाची वाफ सोडली आणि उजेडाकडे तिरकी धरली. "कितीला घेतला?" मी आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत, मला जवळ बोलावून दाखवलं. वाफेत दोन बारीक गोल खुणा दिसत होत्या, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. प्रोग्रेसिव्ह लेन्सवर त्या कोरलेल्याच असतात. कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबराची वाढ, नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. माझ्या लेन्सवर आकडा होता २.००. डॉक्टरांच्या चिठ्ठीत होता १.५०. आणि नाकाकडे काहीच नव्हतं.

मग काकांनी नोटा तपासायचा अतिनील दिवा काढला. आपल्या ड्रॉवरमधल्या खऱ्या फोटोक्रोमिक लेन्सवर धरला. दहा-पंधरा सेकंदांत तिच्यावर दिव्याच्या आकाराचा करडा डाग उमटला आणि मग हळूहळू विरला. माझी लेन्स होती तशीच फिकट तपकिरी. साध्या प्लॅस्टिकला रंग दिलेला, बस. पाचशेच्या नोटेवर माझी लेन्स ठेवून वरून दिवा मारला, तर नंबर खालून चमकत होता. त्यांची ठेवल्यावर विझला. म्हणजे ज्या किरणांसाठी मी एवढे पैसे मोजले, ते आरामात आत येत होते. माझ्या वडिलांचा काचेचा चष्मा अंगणात आल्यावर काळा व्हायचा. त्या काचेत चांदीच्या संयुगाचे स्फटिक असत. काका म्हणाले, आता प्लॅस्टिकमध्ये रंगद्रव्यं असतात, पण काम तेच. तुमच्यात दोन्ही नाही.

फुकटचा गॉगल भाच्यानं तपासला. मोबाईलच्या पडद्यासमोर धरून हळूहळू गोल फिरवला. पोलराइज्ड असता तर एका कोनात पडदा बहुधा काळा पडला असता. नाही पडला. काकांनी तो गॉगल मला अजिबात घालू दिला नाही. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर बिनगॉगलपेक्षा जास्तच आत जाऊ शकतात. पारदर्शक लेन्सही हे किरण पूर्ण अडवू शकते, काळेपणाशी त्याचा संबंध नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

काकांकडे नवी लेन्स टाकली. त्यांनी कंपनीचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, त्यावरचा नंबर चिठ्ठीशी जुळवायला लावला, आणि लेन्सवरच्या पिवळ्या शाईच्या खुणा मी चष्मा घालून बघेपर्यंत पुसल्या नाहीत. बीडच्या दुकानात मी पाकीट मागितलंच नव्हतं.

परत त्या दुकानात गेले. मालक शांतपणे म्हणाला, "ताई, स्क्रू दुसरीकडे उघडलाय. ही लेन्स आमचीच कशावरून?" १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती बिल. माझ्याकडे आहे दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड, मागे बॉलपेननं लिहिलंय, "११,५०० मिळाले", आणि खाली एक हसरा चेहरा.