छोट्या कुबोटाचे इंजिन घरी बांधले : बाजारातल्या ओव्हरहॉल किटविषयी अभिप्राय

गेल्या मार्चमध्ये द्राक्षबागेतला शेवटचा माल उतरला आणि हंगामानंतरच्या खरड छाटणीला तीन आठवडे उरले होते. तेवढ्या अवधीत मी आमच्या कुबोटा निओस्टार बी २४४१ या छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन घरच्या शेडमध्ये पूर्ण खोलून पुन्हा बांधले. त्यासाठी कंपनीचे सुटे भाग एकेक करून न घेता बाजारात मिळणारे संपूर्ण ओव्हरहॉल किट घेतले होते. हा अभिप्राय मुख्यतः त्या किटविषयी आहे. परंतु किट कामाचे ठरते की नाही हे ब्लॉकला बोअर मारणाऱ्या, म्हणजे सिलिंडरची भोके मापात कोरून देणाऱ्या कारागिरावर आणि आपण घेतलेल्या मापांवर अवलंबून असते, त्यामुळे त्या दोन्हींविषयी लिहिल्याशिवाय तो पुरा होणार नाही. किट बनवणाऱ्याचे नाव मी देत नाही, कारण एकाच पेटीवरून कोणाच्या सगळ्या मालाची परीक्षा करणे मला रास्त वाटत नाही.

या ट्रॅक्टरमध्ये डी ११०५ हे तीन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आहे. सिलिंडरचा व्यास ७८ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७८.४ मि.मी., एकूण १,१२३ सी.सी. आणि ताकद २४ अश्वशक्ती. हेच इंजिन जनरेटर, वेल्डिंग सेट आणि छोट्या खोदाई यंत्रांतही बसत असल्यामुळे त्याचे पर्यायी भाग मुबलक मिळतात, आणि मुबलक मिळतात म्हणूनच त्यांत बरेवाईट पुष्कळ असते. मोठ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात असते तशी काढून बदलता येणारी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) यात नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या बिडात चालतो. त्यामुळे ‘किट आणले, स्लीव्ह-पिस्टन टाकले, संध्याकाळी ट्रॅक्टर चालू’ हा गावाकडचा नेहमीचा हिशेब येथे लागू पडत नाही. बोअर झिजला असेल तर ब्लॉक उचलून बोअरिंगच्या दुकानात न्यावाच लागतो, आणि घरी इंजिन बांधू पाहणाऱ्याने हे आधीच गृहीत धरलेले बरे.

आमचा बोअर झिजला तो माझ्याच दुर्लक्षामुळे. निफाडकडची डिसेंबरमधली थंडी सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसांत पहाटेच्या फवारणीला ट्रॅक्टर तीन-तीन वेळा हीटर (चालू करण्यापूर्वी सिलिंडर तापवणारे प्लग) देऊनही धड पकडेना, पकडला की मिनिटभर पांढरा-निळा धूर सोडे, आणि फवारणीचा ब्लोअर जोडून ओळीत शिरला की ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून वाफेसारखा धूर सतत येई. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, मोजले तेव्हा तिन्ही सिलिंडर १९ ते २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर भरले. कंपनीच्या पुस्तकानुसार ते २९ ते ३३ असावे लागते आणि २३ च्या खाली गेले की इंजिन खोलावे लागते. कारण शोधताना एअर फिल्टरकडून इंजिनात जाणाऱ्या रबरी पाइपची क्लिप सैल निघाली आणि पाइपच्या आतल्या अंगाला बोटाने पुसता येईल एवढी धूळ सापडली. ब्लोअरने उडवलेली बागेतली माती किमान दोन हंगाम फिल्टरला वळसा घालून सरळ सिलिंडरमध्ये जात होती.

ट्रॅक्टर खोलण्याविषयी थोडक्यात सांगतो. इंजिन हाच ट्रॅक्टरचा सांगाडा असल्यामुळे पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचे क्लच हाउसिंग या दोहोंपासून ते सोडवावे लागते, आणि चारही चाके चालणारा ट्रॅक्टर असल्याने पुढे जाणारा शाफ्ट आधी काढावा लागतो. एक टनी चेन कुप्पी, लाकडाचे भक्कम ठोकळे आणि दोन माणसे एवढ्यावर हे काम होते. क्रँकची (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) रचना मात्र ज्यांनी जुनी देशी इंजिने खोलली आहेत त्यांना बुचकळ्यात टाकते. ऑइल चेंबर काढून खालून मेन बेअरिंगच्या कॅप सोडवायच्या, अशी सोय येथे नाही. बेअरिंगच्या केस क्रँकवर बसलेल्या असतानाच तो सगळा जुडगा फ्लायव्हीलच्या बाजूने मागे ओढून काढायचा असतो, आणि अगदी पुढचे बेअरिंग तर दोन फाकांचे नसून ब्लॉकमध्ये दाबून बसवलेले बुश असते. हे बुश हातोडीने बसवू नये. ते आम्ही बोअरिंगच्या दुकानातच प्रेसवर बसवून घेतले आणि त्याची सांध एक्झॉस्टच्या बाजूला आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहिले.

आता किट. पेटीत अर्धा मि.मी. मोठ्या मापाचे तीन पिस्टन, त्यांच्या पिना व सर्कलिप, रिंगांचे तीन संच, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे टोक) व मेनची बेअरिंगे, पुढचे-मागचे ऑइल सील आणि हेड गॅस्केटसह (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) सर्व पॅकिंग असे सामान होते. पिस्टनची घडण नीटस होती. वजन केले तेव्हा तिघांमध्ये २ ग्रॅमचाही फरक निघाला नाही आणि पिनेची भोके एकसारखी होती. वरची रिंग मूळ इंजिनात असते तशीच पाचरीच्या छेदाची होती, याचे मला समाधान वाटले, कारण स्वस्त किटांत तेथे सपाट रिंग दडपून दिलेली मी पाहिली आहे. बेअरिंगांविषयीही तक्रार नाही. क्रँक घासावा लागला नाही, नुसता पॉलिश केला, त्यावर नेहमीच्या मापाची बेअरिंगे बसवून प्लास्टिगेजने (चेपून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याने) फट तपासली आणि ती सगळीकडे मर्यादेत आली. पॅकिंगचा कागद मात्र हलका होता. टायमिंग कव्हरचे पॅकिंग तर हातात घेताच दुमडले आणि मी ते जाड कागदावर ठेवून नवे कापून घेतले.

बोअरिंगसाठी पिंपळगावच्या रस्त्यावरील एका जुन्या दुकानात गेलो. तेथील वयस्क कारागीर ब्लॉक पाहून आधी म्हणाले, “पिस्टन आणलेत का दादा? पिस्टन हातात आल्याशिवाय मी बार लावत नाही.” बार म्हणजे बोअर कोरण्याचे हत्यार. पुस्तकी मापावर बोअर मारून मोकळे होणारे पुष्कळ असतात, यांनी प्रत्येक पिस्टनचा व्यास स्कर्टजवळ (खालच्या कडेला), पिनेला काटकोनात मायक्रोमीटरने मोजला, ब्लॉकवर खडूने १, २, ३ लिहिले आणि पिस्टनच्या माथ्यावर तेच आकडे स्केचपेनने टाकले. जुन्या बोअरचे माप त्यांनी वरून, मधून आणि खालून, प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे घेतले. वरची रिंग जेथे वळते तेथे दुसरा सिलिंडर ७८.२१ मि.मी. भरला, म्हणजे ०.१५ मि.मी. झिजेची मर्यादा त्याने केव्हाच ओलांडली होती, आणि तळाशी तोच सिलिंडर जवळपास नव्यासारखा होता. धुळीने झिजलेल्या इंजिनाची झीज अशीच वरच्या टोकाला सर्वाधिक दिसते. शेवटचे काही शतांश त्यांनी होनिंगसाठी (दगडाने बारीक घासण्यासाठी) राखून ठेवले आणि एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी अशी उमटवली की डिझेलने पुसल्यावर ती तिन्ही बोअरमध्ये एकसारखी दिसत होती. सगळ्या कामाचे ३,००० रुपये घेतले. या साऱ्या व्यवहारात पैशांचे पुरेपूर चीज कोठे झाले असेल, तर ते या दुकानात. घरी आणल्यावर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुतला, पांढरे फडके बोअरमधून फिरवल्यावर ते पांढरेच बाहेर येईपर्यंत धुतला, आणि लगेच ऑइलचा हात दिला. होनिंगची भुकटी आत राहिली तर नव्या रिंगांचे आयुष्य तेथेच संपते.

जोडणीत किटने कोठेही अडवले नाही. पिस्टन ८० अंशांच्या गरम ऑइलमध्ये दहा-पंधरा मिनिटे ठेवले की पिन अंगठ्याच्या दाबाने सरकते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि एक जुने पातेले एवढी सामग्री त्याला पुरते, पातेले परत मागू नये एवढीच घरच्यांना विनंती करावी लागते. रिंग बोअरमध्ये सोडून, पिस्टनच्या माथ्याने ती सरळ खाली ढकलून, फिलर गेजने तिच्या टोकांमधली फट प्रत्येक सिलिंडरमध्ये वेगळी तपासली. कनेक्टिंग रॉडवरील खूण पंपाच्या बाजूला, आणि पिस्टनच्या माथ्यावरील पंख्याच्या आकाराचा खोलगट भाग पुस्तकात दाखवलेल्या बाजूला, ही दिशा चुकू देऊ नये. किटसोबत एक ओळीचीही माहितीपत्रिका नव्हती, आणि एवढ्या किमतीच्या पेटीत ती नसणे ही मला मोठी उणीव वाटते.

खरी अडचण हेड गॅस्केटशी आली, आणि ती दिसली तीही एका जुन्या, साध्या तपासणीमुळे. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याचा माथा आणि हेड यांच्यात या इंजिनात ०.५५ ते ०.७० मि.मी. एवढीच जागा राहिली पाहिजे. ती मोजण्यासाठी १.५ मि.मी. जाडीच्या फ्यूज वायरचे पाच-सात मि.मी. लांबीचे तुकडे पिस्टनच्या माथ्यावर तीन ठिकाणी ग्रीसने चिकटवायचे, व्हॉल्व्हच्या खाली येणार नाहीत असे. मग गॅस्केट घालून हेड पूर्ण टॉर्कवर (ठरलेल्या आवळ्यावर), म्हणजे ६.५ ते ७ किलोग्रॅम-मीटरवर कसायचे, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकापलीकडे न्यायचा आणि हेड पुन्हा उतरवून चेपलेली तार मोजायची. या मोजणीत एक गॅस्केट खर्ची पडते आणि बहुतेकांना हळहळ वाटते ती त्याचीच, म्हणून ही पायरी गाळली जाते. माझ्या तारा ०.८७, ०.९० आणि ०.८८ मि.मी. भरल्या.

आधी संशय पिस्टनवर गेला. पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची कमी असेल तर हेच घडते. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून ती उंची मोजली, तर फरक शतांशाच्या आतला. मग इंजिनातून निघालेले मूळ गॅस्केट आणि किटचे चेपलेले गॅस्केट सिलिंडरच्या कडेजवळ मायक्रोमीटरने मोजले, आणि किटचे गॅस्केट पाव मि.मी. जाड निघाले. पाव मि.मी. म्हणजे काहीच नव्हे असे वाटते. पण एवढ्या व्यासावर ती सुमारे १.२ घन सेंटिमीटर जागा होते, आणि ३७४ सी.सी.चा एक सिलिंडर ज्या इवल्याशा पोकळीत हवा दाबतो तेथे एवढ्याने कॉम्प्रेशनचे प्रमाण एका अंकाहून अधिक उतरते. हे इंजिन हेडमधल्या कोठडीत इंधन फवारणाऱ्या पद्धतीचे असल्याने थंडीत पकडण्यासाठी ते पूर्णपणे त्या दाबावर आणि हीटर प्लगवर विसंबून असते. म्हणजे नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवा बोअर असे सगळे करून डिसेंबरची पहाट पुन्हा पूर्वीसारखीच गेली असती आणि दोष रिंगांना दिला गेला असता.

कंपनीचे मूळ गॅस्केट मागवले, तपासणीसाठी एक आणि बसवण्यासाठी एक असे दोन. चार दिवस वाट पाहावी लागली. त्यावर तारा ०.६२ ते ०.६५ मि.मी. आल्या. किट विकणाऱ्याला मापे कळवली, तेव्हा त्याने गॅस्केटचे पैसे परत केले, परंतु ‘अशी तक्रार आजवर कोणी केली नाही’ हेही सांगितले. मापच घेतले नाही तर तक्रार कोण करणार, असे मी त्याला म्हणालो.

किटमध्ये नसलेल्या दोन गोष्टींची तरतूद वेगळी ठेवावी. इंधन फवारणाऱ्या नोझल पंपवाल्याकडे देऊन १४० किलोच्या दाबावर लावून घेतल्या, आणि तिन्ही व्हॉल्व्ह जोड्या हेडमध्ये नव्याने बसवून घेतल्या. फ्यूएल पंप काढताना त्याच्या खालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) होत्या तशाच परत घालाव्यात, कारण शिमची जाडी बदलली की इंधन सुटण्याची वेळ बदलते. पंप परत बसवताना त्याच्या रॅकची (इंधन कमी-जास्त करणाऱ्या पट्टीची) पिन गव्हर्नरच्या (वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) फाट्यात नेमकी अडकली आहे ना, हे झाकण लावण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात पाहावे. ती बाहेर राहिली तर इंजिन चालू होताच बेफाम सुटते आणि हवा कोंडण्यावाचून ते थांबवायला हाताशी काहीच नसते. मी पहिल्या वेळी स्टार्टर मारताना एअर क्लीनरच्या तोंडाशी लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा केला होता. तशी वेळ आली नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट ०.१४५ ते ०.१८५ मि.मी. लावली होती, दुसऱ्या पाळीला इंजिन पकडले, अर्ध्या तासाने थंड करून हेड पुन्हा टॉर्कवर पाहिले. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरमध्ये ३० ते ३१.

एकूण खर्च ३६,००० रुपयांच्या आसपास गेला, त्यांत किटचे १७,५०० होते. कंपनीचे भाग घालून वर्कशॉपमधून काम करून घेण्याचा अंदाज याच्या दुपटीच्या पुढे होता. हे किट पुन्हा घ्यायचे झाले तर पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगांसाठी मी ते निश्चित घेईन आणि हेड गॅस्केट पहिल्याच दिवशी मूळ मागवीन. ज्याच्याकडे मायक्रोमीटर, टॉर्क पाना आणि कंपनीचे पुस्तक नाही, किंवा ज्याच्या जवळपास पिस्टन हातात घेतल्याशिवाय बार न लावणारा कारागीर नाही, त्याने या किटच्या वाटेला जाऊ नये. इंजिन बांधून आता १८० तास झाले आहेत, ऑइल दोनदा बदलले आहे, ब्रीदर कोरडा आहे आणि डिसेंबरमध्ये पहिल्या हीटरला ट्रॅक्टर पकडत होता. पुढच्या पुलीमागचे किटमधले ऑइल सील मात्र गेल्या महिन्यापासून ओलसर दिसू लागले आहे. ते ट्रॅक्टर न खोलता बदलता येते, म्हणून यंदाच्या खरड छाटणीपूर्वी तेथेही मूळ सील घालणार आहे.